समाज खाते : गांधीबागेतल्या एका कापड दुकानाचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसाला मी नुसतं काकाजी म्हणणार आहे. गांधीबाग-इतवारीत दर ओळीत असे एक-दोन काकाजी सापडतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. समाजाचं नावही देत नाही. दोन-तीन घरांत पाहिलेल्या गोष्टी इथं एका घरात आणल्या आहेत. कायद्याची कलमं आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत. मी हिशेबाच्या बाजूनं यात होतो, तेव्हा लिखाणाला वहीचा वास जरा जास्त येईल.

२०२१ चा जून. दुकानाच्या दोन लग्नसराया हातच्या गेलेल्या. पहिली टाळेबंदीत, दुसरी निर्बंधांत. त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती, आणि पंचवीस माणसांच्या लग्नाला बस्ता कोण बांधतो? कारखानदारांचे पैसे थकले, तेव्हा काकाजींचा धाकटा मुलगा सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून मिळणाऱ्या कॅश क्रेडिटची मर्यादा, वाढवून घ्यायला बँकेत गेला. बँकेनं मालमत्तेची यादी मागितली. यादीत मानेवाडा रोडच्या बाजूचा एक प्लॉट आणि त्यावरची दोन मजली इमारत होती. विक्रीपत्र, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) डिमांड नोट, आर. एल. लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), महापालिकेची घरटॅक्सची पावती, सगळं काकाजींच्या एकट्याच्या नावानं आणि सगळं चोख. मॅनेजर खूश झाले. हीच ठेवा गहाण, लिमिटचं मी बघतो, म्हणाले.

ती इमारत म्हणजे समाजाचं वसतिगृह. मेडिकलला, पॉलिटेक्निकला, कॉमर्सला शिकायला खेड्यातून आलेली पोरं तिथं राहून शिकली. त्यातली कितीतरी आज डॉक्टर, इंजिनीअर, तलाठी, मास्तर आहेत. समाजात कुणालाही विचारा, ती जागा समाजाची. कागदाला विचारा, ती काकाजींची. मुलानं रात्री जेवताना विषय काढला आणि काकाजी भरल्या ताटावरून उठले.

इथून पुढं दीड वर्ष जे चाललं त्याला लोक बापलेकाचं भांडण म्हणाले. तसं ते नव्हतं, निदान माझ्या वाचनात नव्हतं. ते समजायला आधी दुकान समजून घ्यावं लागतं.

दुकान काकाजींच्या वडिलांनी टाकलेलं. आधी लुगडी-धोतरं, मग पातळं, मग शर्टिंग-सूटिंग, शालू. पण धंद्याचा कणा बस्ताच. बस्ता बांधायला माणसं येतात ती एकटीदुकटी येत नाहीत. उमरेड, भिवापूर, पवनी, काटोल, नरखेडहून सकाळच्या एसटीनं दहा-पंधराचा जथा उतरतो. नवरीचा बाप, काका, मामा, दोन आत्या, शेजारची एक जाणकार बाई, आणि कडेवरची लेकरं. गादीवर बैठक पडते. आधी पाणी, मग चहा, मग तर्रीपोहे. त्यानंतर गाठोडी सुटतात. नवरीचे शालू आधी बघायचे नाहीत, ते शेवटी. आधी आहेराच्या साड्या, मग मानपानाच्या, मग धोतर-टोपी-उपरणं. व्याह्याच्या घरच्या साड्या आपल्यापेक्षा हलक्या दिसल्या तर आत्या रुसते, भारी दिसल्या तर बापाच्या कपाळावर आठी पडते. हे सगळं सांभाळत, कुणाला किती झेपेल ते चेहऱ्यावरून ओळखत, काकाजी दिवसभर मांडी घालून बसत. दुपारी जेवण वरच्या मजल्यावर, काकूंच्या हातचं. संध्याकाळी बस्ता बांधला जाई, वर हळदकुंकू लागे, आणि नवरीच्या बापाच्या हातात बिल न देता काकाजी म्हणत, "लग्न होऊन जाऊ द्या जी, मग पाहू."

मग पाहू. या दोन शब्दांवर तीन जिल्ह्यांतला समाज दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नव्हता.

ही उधारी लिहायची एक पद्धत होती. कीर्दीत रोजचा व्यवहार, खतावणीत माणसाचं पान. ज्यांचे पैसे येतील अशी खात्री त्यांची वेगवेगळी पानं. ज्यांचे येणार नाहीत हे बस्ता बांधतानाच कळलेलं होतं, त्यांच्यासाठी एक सामाईक पान होतं, त्याच्या डोक्यावर दिवाणजींच्या वळणदार अक्षरात 'समाज खाते'. मी ती पानं बरीच वाचली. नावे बाजूला अशा नोंदी: 'बस्ता, भिवापूर, बापविना पोर, निम्मे'. 'साड्या पाच, कुही, आग लागली होती'. 'वसतिगृह, गाद्या'. 'वसतिगृह, स्वयंपाकीण, पगार राहिला होता'. 'परीक्षा फी, दोन मुले'. एके ठिकाणी नुसतं 'माणूस आला होता, दिले'. जमा बाजू जवळपास कोरी. दिवाळीच्या पाडव्याला वही बदलली की बाकी पुढच्या वहीत ओढली जाई, आणि समाज खाते त्याच नावानं पुन्हा पहिल्या दहा पानांत येई.

वसतिगृहाची जागा ऐंशीच्या दशकातली. तेव्हा समाजाचं मंडळ होतं, पण नोंदलेलं नव्हतं. कोजागिरीला भेटायचं, वधू-वर परिचय मेळावा घ्यायचा, एवढाच कारभार. जागा स्वस्तात मिळत होती आणि विकणाऱ्याला विक्रीपत्रावर एक नाव हवं होतं. वर्गणी झाली. एकावन्न, एकशे एक, कुणी दोन पोती तांदूळ दिले ते विकून पैसे केले. उरलेली रक्कम दुकानाच्या गल्ल्यातून गेली. नाव कुणाचं घालायचं यावर पाच मिनिटंही चर्चा झाली नसेल. पुढं मंडळ नोंदलं गेलं, धर्मादाय आयुक्तांकडं नंबर पडला, पण मालमत्तेच्या रकान्यात ती जागा कुणी लिहिली नाही. लेआउट अनधिकृत होतं. २००१ चा गुंठेवारी कायदा आल्यावर नागपुरातली शेकडो लेआउटं नियमित व्हायला लागली, त्यात हेही होतं. डिमांड नोट निघाली ती विक्रीपत्रावर नाव होतं त्याच्या, म्हणजे काकाजींच्या नावानं. पैसे त्यांनीच भरले, आर. एल. त्यांच्याच नावानं आलं. पंधरा-वीस वर्षांत समाजाच्या एकाही माणसानं कागद मागितला नाही. मागणं म्हणजे काकाजींवर संशय घेणं, आणि तो घ्यायला कुणाची जीभ उचलत नव्हती.

बँकेची गोष्ट बाहेर फुटली तशी मात्र जिभा सुटल्या. मंडळाचे सचिव निवृत्त मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते सरळ माणूस, पण तेही म्हणाले, "आज मुलगा विचारून राहिला, उद्या नातू विकून टाकेल." दुसऱ्या टोकाला थोरल्या मुलाचं म्हणणं, बाबांनी दुकान समाजावर उधळलं. त्यानं संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बसून समाज खात्याची वर्षानुवर्षांची बेरीज काढली होती. आकडा मोठा होता. त्या आकड्यात वर्धमाननगरात एक फ्लॅट आला असता, असं तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा.

मला त्याचा राग समजत होता, पण बेरीज पटत नव्हती. त्यानं फक्त नावे बाजू मोजली होती. समाज खात्याची जमा बाजू त्या पानावर नव्हतीच, ती विक्रीच्या वहीत होती. आम्ही जुन्या काही वर्षांची लग्नसराईची बिलं काढून गावं आणि आडनावं लावली, तेव्हा एक गोष्ट उघडी पडली: ज्या गावात काकाजींनी एखाद्या बापविना पोरीचा बस्ता निम्म्यात बांधून दिला, त्या गावातून पुढची कितीतरी वर्षं पूर्ण भावाचे बस्ते येत राहिले होते. जाहिरातीवर या दुकानानं कधी पैसा घातला नाही. ना पाटी बदलली, ना सेल लावला. समाज खाते हाच त्यांचा जाहिरातीचा खर्च होता, आणि तो बाजारातल्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा स्वस्त पडला. काकाजींना असं सांगितलं असतं तर त्यांनी मला गादीवरून उठवलं असतं. त्यांच्या मनात असला हिशेब नव्हता हे मला शंभर टक्के मान्य आहे. मनात नसला तरी तो घडत होता, एवढंच माझं म्हणणं.

आणि तो घडायचा थांबला, तिथं खरी गोम आहे. गेल्या पंधरा वर्षांत वसतिगृहात शिकलेल्या पोरांची लग्नं झाली ती पुण्यात नाही तर बंगळुरात. बस्त्याच्या जागी सीताबर्डीची, धरमपेठेची शोरूमं आली, मग मोबाइल आला. साडी मागवायची, नाही आवडली तर परत पाठवायची. काकाजींच्या पाया पडायला पोरं दिवाळीत येतात, पेढे आणतात, फोटो काढतात. खरेदी करत नाहीत. देणं मात्र आहे तिथंच राहिलं, उलट वाढलं, कारण वसतिगृहाचं वीजबिल, दुरुस्ती, स्वयंपाकिणीचा पगार सगळं वाढलं. ज्या दिवशी समाजाचं गिऱ्हाईक तुटलं त्या दिवशी समाज खाते नुसता खर्च झालं, पण तो दिवस कुठल्याच वहीत नोंदलेला नव्हता. मुलांना त्याची झळ लागत होती, काकाजींना कारण दिसत नव्हतं. ते मुलांना म्हणायचे, "तुमचं मन लहान झालं." मुलं म्हणायची, "बाबांना धंदा कळेनासा झाला." दोघंही एकाच भोकातून गळणाऱ्या पाण्याबद्दल बोलत होते.

सरकारी बाजूही याच काळात आवळली गेली. कापडावर पूर्वी व्हॅट नव्हता. १ जुलै २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आला. त्याआधी 'निम्मे' असं वहीत लिहून भागत होतं. आता बिल कुठल्या भावानं फाडायचं हा प्रश्न आला. बिलावर सूट दाखवली तर ठीक, पण फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कायद्यानं परत करावं लागतं. दिवाणजींना हे समजावताना मला घाम फुटला. ते म्हणाले, "म्हणजे पोरीले साडी देली तं सरकारले दंड?" दंड नाही हो, पण त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही.

आता जागेचं. वकिलांनी कागद पाहून तीन वाचनं काढली. पहिलं, जागा काकाजींची स्वतःची. विक्रीपत्र तेच म्हणतं. दुसरं, पैसा दुकानाच्या गल्ल्यातून गेला आणि दुकान वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचं, म्हणून जागा कुटुंबाची. तिसरं, वर्गणी समाजाची, काकाजी नुसते नावाला, म्हणजे त्यांनी ती विश्वासाच्या नात्यानं धरून ठेवलेली. तिसऱ्या वाचनात एक काटा होता. दुसऱ्याच्या पैशानं आपल्या नावावर मालमत्ता म्हटलं की बेनामी कायदा आठवतो, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे दात तीक्ष्ण झाले आहेत. विश्वस्त नात्यानं धरलेली मालमत्ता त्यातून वगळलेली आहे, पण ते नातं सिद्ध करायला जुनी पावतीपुस्तकं लागणार. ती गुरुजींच्या घरी माळ्यावर एका ट्रंकेत सापडली. वाळवी लागलेली, पण वाचता येण्यासारखी. गुरुजींनी एवढी वर्षं ती का टाकली नाहीत हे त्यांनाही सांगता येईना.

तिन्ही वाचनांना पुरेल असा एकच मार्ग होता: काकाजींनी जागा मंडळाला नोंदणीकृत बक्षीसपत्रानं द्यायची आणि त्यावर घरातल्या सगळ्यांनी संमतीदार म्हणून सह्या करायच्या. एकत्र कुटुंबाची स्थावर मालमत्ता कर्ता एकटा दान देऊ शकत नाही. धर्मकार्यासाठी थोडासा भाग देता येतो, पण दोन मजली इमारत 'थोडासा भाग' म्हणून खपवायला कुठलंही कोर्ट तयार होणार नाही.

सगळ्यांनी म्हणजे मुलीनंसुद्धा. हे घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मुलगी अमरावतीला दिलेली, तिथं शाळेत शिक्षिका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार, झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात त्यावरचा गोंधळ मिटवला. बाप २००५ साली हयात होता की नव्हता यानं फरक पडत नाही असं स्पष्ट झालं. थोरला म्हणाला, तिची सही काय, मी फोन करतो, ती येऊन करून जाईल. ती आली. कागद पूर्ण वाचला, हे तिन्ही भावंडांत तिनंच केलं. मग म्हणाली, "बाबा, मले हिस्सा नाही पायजे. पण एक सांगा, मी अकरावीले नागपुरात होती तेव्हा मले कुठं ठेवलं होतं?"

मामाकडं ठेवलं होतं. समाजाच्या वसतिगृहात मुलींना जागा नव्हती, आजही नाही. घर गांधीबागेत असूनही तिला मामाकडं का ठेवलं, तर घरात वर जेवणावळी, खाली दुकान, माणसांची ये-जा. मुलीला अभ्यासाला शांतता कुठली. वसतिगृह काढणाऱ्याच्या मुलीची ही गत. तिनं अट घातली: मुलींची सोय होईल असं मंडळानं लेखी ठराव करून द्यावं, मग सही. काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू आतून म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं." माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं आणि ते बोलणाऱ्या बाईंचं नाव दुकानाच्या, मंडळाच्या एकाही कागदावर नाही.

काकाजींची स्वतःची अडचण वेगळीच होती. जागा द्यायला त्यांची ना नव्हती. बक्षीसपत्र कशाला, एवढंच ते विचारत होते. "मी सांगून ठेवतो पोरांले, ते देतील ना. लिहून द्यायचं म्हणजे माह्या पोरांवर माहाच भरोसा नाही, असं होईल." यावर वकिलांचा तर्क चालेना. तिथं मला कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचं उदाहरण कामी आलं. मँगनीजच्या धंद्यातला हा माणूस १९३० मध्ये गेला, तो नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपये मृत्युपत्रात लिहून. त्या काळातले पस्तीस लाख. संस्था उभी राहिली १९४२ मध्ये. मधे बारा वर्षं गेली, माणसं बदलली, महायुद्ध सुरू झालं, पण पैसा कशासाठी आहे हे कागदावर होतं म्हणून तो तिथंच पोचला. अमरावती रोडवरचं एलआयटी ते हेच, २०२३ मध्ये तर त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. काकाजींनी एलआयटीत शिकलेली किती पोरं वसतिगृहात ठेवली होती! त्यांना हे लागू पडलं. "त्यांचा बी कोणावर भरोसा नव्हता असं थोडंच," ते म्हणाले, आणि वकिलांना मसुदा करायला सांगितलं.

मग मुद्रांक शुल्काचा फटका. धर्मादाय संस्थेला दान दिलं म्हणून शुल्क माफ होत नाही. बाजारमूल्यावर भरावं लागतं, आणि मानेवाडा रोडचा रेडीरेकनर आता ऐंशीच्या दशकातला राहिलेला नाही. ही रक्कम कोण भरणार? काकाजी लगेच म्हणाले, दुकानातून. दोन्ही मुलं एका आवाजात नाही म्हणाली, आणि या वेळी मी मुलांच्या बाजूनं बोललो. जागा कुटुंबानं द्यायची आणि ती घ्यायचा खर्चही कुटुंबानंच करायचा, तर समाज नेमकं काय करणार? मंडळानं वर्गणी काढावी, बँकेतून, पावतीनं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणारी, सवलत मिळत नव्हती हे निमित्त आयतंच होतं.

८०-जी म्हटल्यावर मंडळाची घटना उघडली गेली आणि खरी ठिणगी तिथं पडली. घटनेत उद्देश लिहिला होता: समाजातील होतकरू विद्यार्थ्यांची राहण्याची सोय. तेव्हाच्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३(१)(ब) प्रमाणे, तो कायदा आल्यानंतर निघालेली जी संस्था एकाच धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या भल्यासाठी आहे, तिला करमाफी नव्हती. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्था यात धरत नव्हते, पण हा समाज खुल्या प्रवर्गातला. ८०-जीलाही हीच अट होती. एवढी वर्षं हे कुणाला जाचलं नाही कारण देणगी रोखीत यायची, गुप्तदान म्हणून पेटीत पडायची, आणि तूट काकाजी भरायचे. पुण्या-बंगळुरातली पोरं मात्र पहिला प्रश्न हाच विचारत होती, काका, एटी-जी आहे का?

उद्देश बदलायचा तर संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १२ नुसार एका खास सभेत तीन पंचमांश सभासदांचा होकार लागतो आणि महिन्याभरानं दुसऱ्या सभेत तेवढाच पुन्हा. पहिली सभा वसतिगृहाच्याच अंगणात झाली. मी इतकी तापलेली सभा कमी पाहिली आहे. "आमच्या बापानं दिलेल्या तांदळावर दुसऱ्याची पोरं का जेवतील?" असा रोखठोक सवाल एकानं टाकला. उत्तर गुरुजींनी दिलं, तेही आकड्यात: खोल्यांपैकी किती दोन वर्षांपासून रिकाम्या आहेत ते त्यांनी वाचून दाखवलं. समाजाची पोरं आता फ्लॅट भाड्यानं घेतात, वसतिगृहात राहणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मग एक गोष्ट बाहेर आली जी निम्म्या सभेला माहीत होती आणि निम्म्या सभेला नव्हती. काकाजी गेली कित्येक वर्षं दुसऱ्या समाजाची पोरं गुपचूप ठेवत आले होते. दिवाणजींचा भाचा तिथंच राहून आयटीआय झाला. स्वयंपाकिणीचा मुलगाही. नोंदवहीत त्यांच्या नावापुढं समाजाचं आडनाव नव्हतं, नुसतं 'पाहुणा' लिहिलेलं असायचं.

सवाल टाकणाऱ्यानं काकाजींना उभं राहून विचारलं, हे खरं का. काकाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "खरं हाय. माह्या दुकानात बस्ता बांधायले कोण नाही आलं आजवर? तेव्हा नाही विचारलं कोणाले." ठराव पास झाला, फार मोठ्या फरकानं नाही. महिन्यानंतरच्या सभेत पुन्हा झाला. चार-पाच घरं मंडळातून बाहेर पडली आणि त्यांनी आपलं वेगळं मंडळ काढलं आहे. त्यांचा परिचय मेळावा आता त्याच रविवारी दुसऱ्या सभागृहात असतो. हे व्हायला नको होतं असं मला वाटत नाही. ज्यांना समाज म्हणजे फक्त जात हवी होती त्यांचं आणि काकाजींचं पटत होतं ते केवळ हिशेब झाकलेला होता म्हणून.

समाज खात्याचं आम्ही काय केलं तेही सांगतो, कारण धंदेवाल्या वाचकांना तेच विचारायचं असेल. जी खरी उधारी होती, म्हणजे बिल फाटलेलं, विक्री उत्पन्नात धरलेली आणि पैसे बुडालेले, ती बुडीत म्हणून वहीतून काढली. त्याची वजावट मिळते. जे दानच होतं ते दुकानाचा खर्च होऊच शकत नाही, ते काकाजींच्या भांडवल खात्याला नावे टाकलं. त्यांचं भांडवल त्यानं बरंच खाली आलं आणि भागीदारीतला त्यांचा हिस्सा लहान झाला. ही गोष्ट त्यांनी हूं की चूं न करता मान्य केली. उलट एवढंच दिलं का मी, असं विचारलं. यापुढं त्यांना जे द्यायचं ते त्यांनी आपल्या हिश्श्याच्या नफ्यातून द्यायचं, दुकानाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. ते ठरलेलं किती पाळलं जातं हे दिवाणजींना ठाऊक. लग्नसराईच्या दिवसात धाकटा मुलगा गल्ल्यावर स्वतः बसतो, यावरून काय ते समजा.

बँकेचं काम शेवटी दुकानाचीच जागा गहाण ठेवून झालं. धाकट्यानं बस्त्याच्या उधारीलाही नियम केला: तिसरा हिस्सा आधी, उरलेले सहा महिन्यांत, बिल त्याच दिवशी. चहा आणि तर्रीपोहे चालू आहेत, वरच्या मजल्यावरचं जेवण बंद झालं. भिवापूरकडची दोन-तीन जुनी घरं यावर नाराज आहेत. नवी गिऱ्हाइकं, जी समाजातली नाहीत, त्यांना मात्र हाच नियम सोयीचा वाटतो.

बक्षीसपत्र नोंदलं गेलं. मुलींसाठी ठराव झाला, पण वसतिगृहाच्या इमारतीत वेगळा जिना आणि वेगळं स्वच्छतागृह काढायला जागा पुरत नाही, म्हणून तूर्त शेजारच्या लेआउटमध्ये एक घर भाड्यानं घेतलं आहे. मुलगी मंडळाची विश्वस्त झाली आणि दर महिन्याला अमरावतीहून येऊन हिशेब तपासते; गुरुजी तिला टरकून असतात. जागा मंडळाच्या नावे दाखवण्यासाठीचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात टाकला. आता ती विकायची तर त्याच कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल, तेव्हा नातवाची धास्ती गुरुजींनी सोडायला हरकत नाही. महापालिकेत नाव चढवायचा अर्ज अजून झोन कार्यालयात फिरतो आहे. तोवर घरटॅक्सचं बिल काकाजींच्याच नावानं येतं, आणि ते मंडळाच्या खात्यातून भरून त्याची पावती फायलीला लावायचं काम दिवाणजींकडं दिलं आहे.